आईला आठवेल ती तारीख

दर वर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रात सरकारी कचेऱ्यांतून आणि शाळांतून माणसं घाऊक निवृत्त होतात. त्यामागचं कारण माझ्या पिढीपर्यंतच्या बहुतेकांना माहीत आहे. ही माणसं ज्या साली पहिलीत गेली, त्या साली गुरुजींनी विचारलं, "पोराची जन्मतारीख?" आई-बापाला ती सांगता आली नाही. गुरुजींनी अंदाजानं साल धरलं आणि पुढे लिहिलं, १ जून. शाळा जूनमध्ये उघडणार, त्या दिवशी वय पुरं भरलेलं दिसलं की झालं. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून हा ३१ मे. माझे वडील १ जूनचे. चुलते १ जूनचे. आणि आत्याही १ जून १९४९ची.

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. १९६९ला नोकरीला लागली, ३१ मे २००७ला निवृत्त झाली. मधल्या काळात चार-पाच गावं झाली, त्यांतली दोन वाड्याच होत्या. तिथं एसटी दिवसातून एकदा यायची आणि पावसाळ्यात तीही ओढ्याच्या अलीकडूनच परत फिरायची. गावात तिला सगळे "बाई" म्हणत. मी तिसरी-चौथीची दोन वर्षं तिच्याकडे राहिले. वर्गात मीही तिला बाईच म्हणायचे आणि घराचा उंबरा ओलांडला की आत्या. मामा, म्हणजे तिचे यजमान, मुंबईला गिरणीत होते. १९८२चा संप झाला, गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही आणि ते कायमचे गावी आले. त्यानंतर घर तिच्या पगारावर चाललं. चूल मामांनी हातात घेतली ती शेवटपर्यंत. लोक सुरुवातीला बोलले. मामांनी भाकरी थापणं सोडलं नाही, आत्यानं उत्तर दिलं नाही, आणि मग लोकही बोलायचे थांबले.

ती शिकवायची कशी, यावर पुष्कळ लिहिता येईल. पाढे पाठ करून घ्यायची, पावकी-निमकीसुद्धा. कवितेला चाल लावायची. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना संध्याकाळी घरी बोलवायची. पण हे त्या काळातल्या अनेक चांगल्या शिक्षकांनी केलं आहे. आत्याचं म्हणून जे वेगळं होतं ते जन्मतारखांचं काम. त्याबद्दल तिला कुणी पुरस्कार दिला नाही, आणि तिनंही ते फारसं कुणाला सांगितलं नाही.

तिनं एकाही मुलाच्या नावापुढे आपण होऊन १ जून लिहिलं नाही.

ऐकायला ही गोष्ट छोटी वाटते. तेव्हाची परिस्थिती डोळ्यांसमोर आणली की तिचं वजन कळतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. कायदा झाला, तरी माणच्या वाडीवर बाळंतपण घरात सुईणीच्या हातून व्हायचं, आणि ग्रामसेवकाच्या रजिस्टरपर्यंत त्याची बातमी जाईलच असं नव्हतं. त्यात या भागातली कितीतरी कुटुंबं वर्षातले सहा-सात महिने गावात नसतच. मेंढपाळ दिवाळी करून मेंढरं घेऊन बाहेर पडत, कुणी कोकणाकडे, कुणी कृष्णाकाठाला. ऊसतोडीला जाणारे दसऱ्यानंतर निघत. मूल जन्मायचं ते रस्त्यात, उसाच्या फडावर, मेंढरांच्या वाड्यावर. कोण नोंदवणार? मग सहा वर्षांनी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जी तारीख लिहिली जाईल तीच त्या माणसाची जन्मतारीख. तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तीच दहावीच्या प्रमाणपत्रावर, तीच नोकरीच्या सेवापुस्तकात. एकदा लिहिली की तिच्यावर माणसाचं सगळं आयुष्य मोजलं जायचं. पोलीस भरतीला वय बसतं की नाही, आणखी किती वर्षं परीक्षा देता येईल, पेन्शन कधी, सगळं त्या एका ओळीवर.

मे महिन्यात शिक्षकांना दाखलपात्र मुलांची यादी करायला घरोघर फिरावं लागे. बहुतेक जण ती दोन दिवसांत उरकत. आत्याला पंधरवडा लागायचा. मी तिच्याकडे होते त्या दोन्ही उन्हाळ्यांत तिच्याबरोबर फिरले आहे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एक जाड वही, पाण्याची बाटली आणि जुनी पंचांगं. ती पंचांगं तिनं हट्टानं जमवली होती. दुकानदारांकडून, देवळातल्या गुरवाकडून, कुणाच्या माळ्यावरून. वर्ष सरलं की लोक पंचांग टाकून देत. आत्या ते मागून आणायची आणि वर्तमानपत्राचं कव्हर घालून साल लिहून ठेवायची.

घरी गेल्यावर ती "पोरगं कधी झालं?" असं कधीच विचारायची नाही. म्हणायची, या प्रश्नाला आई घाबरते. तिला वाटतं, मला येत नाही म्हणून बाई हसतील. आत्या ओसरीवर बसायची, पाणी प्यायची आणि विचारायची, तेव्हा शेतात काय होतं? शाळू पोटरीला आला होता का खळ्यावर? पाणी कुठून आणत होता, आडाचं की ओढ्याचं? बाळंतिणीला शेकायला शेगडी ठेवली ती थंडीमुळं, का पाऊस धरला होता म्हणून? पाचवीच्या रात्री बाहेर उजेड होता का अंधार? बारशाला माहेरचं कोण आलं, आणि यायला अडचण कशाची झाली? बायका आधी "काय की बाई" म्हणत, आणि मग एकेक आठवायला लागत. एकदा आठवायला लागल्या की थांबत नसत. सासू आतून दुरुस्ती करायची, जाऊ भर घालायची. शेजारीण येऊन म्हणायची, अगं न्हाय, तवा माझी म्हैस व्याली हुती, म्हंजी भादवा. आत्या सगळं वहीत उतरवून घ्यायची, त्यांच्याच शब्दांत.

त्या वहीत सातारा जिल्ह्याची वीस-पंचवीस वर्षं आहेत. १९७३-७४ साली पहिलीत आलेल्या मुलांच्या आया कोयनेच्या भूकंपावरून सांगत. ११ डिसेंबर १९६७ची ती पहाट. आत्या स्वतः तेव्हा साताऱ्याला शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होती आणि वसतिगृहातल्या सगळ्या मुलींबरोबर अंधारात अंगणात पळत आली होती. त्यामुळे "भुई हालली तवा" असं कुणी म्हटलं की तिला तो दिवस मोजून दाखवावा लागत नसे. ती एवढंच विचारायची, तेव्हा पोर काय करत होतं? एका आईनं सांगितलं, "नुकतंच उपडं पडाया लागलं हुतं, घाबरून उचललं तर त्वांड मातीनं भरल्यालं." चार महिन्यांच्या आसपास मूल पालथं पडायला लागतं. म्हणजे ऑगस्ट. मग ऑगस्टातला कुठला सण, गोकुळाष्टमी झाली होती का, असं करत करत ती तारखेपर्यंत जायची.

बहात्तरच्या दुष्काळातली मुलं तर खडीच्या ढिगाशेजारी वाढलेली. आया दुष्काळी कामावर खडी फोडत, पाझर तलावाची माती उचलत, आणि कडेला काठ्या रोवून लुगड्याच्या झोळीत मूल. "सुकडी वाटाया लागले त्याच्या आदी", "मिलो खाऊन दूध आटलं, तवा त्यो दोन महिन्याचा हुता" अशी वाक्यं वहीत पानोपानी आहेत. सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलेला पौष्टिक खाऊ, मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी. एकोणऐंशीच्या जुलैत स्कायलॅब, म्हणजे अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा, आभाळातून पडणार म्हणून गावंच्या गावं घाबरली होती, तेव्हा एक बाई सात महिन्यांची गरोदर होती आणि सासूनं तिला दिवसभर घराबाहेर पडू दिलं नव्हतं. तिचा मुलगा सप्टेंबरचा.

मला सगळ्यांत आवडते ती चौऱ्याऐंशीची नोंद. आई म्हणाली, बाराव्या दिवशी बारसं ठरलेलं, पाहुणे आलेले, आणि त्याच दिवशी इंदिरा गांधी गेल्या. बारसं पुढं ढकललं. दिवस मोजला तर २० ऑक्टोबर. पण आत्या एका आठवणीवर थांबत नसे. तिनं विचारलं, "मग त्या साली दिवाळी कशी केलीत?" बाई चटकन म्हणाली, "कशाची दिवाळी, सोयरात गेली की!" पंचांगात दिवाळी इंदिराजींच्या जाण्याआधी आठवडाभर होती. म्हणजे मूल चार दिवसांचं. दोन्ही आठवणी जुळल्या. आत्यानं तारीख लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. अशी दुहेरी रेघ दिसली की समजायचं, ही पक्की.

आणखी एक सांगायलाच हवी. १९९१च्या जूनमधली. एका मेंढपाळाच्या बायकोनं सांगितलं, "श्रावण लागून पंधरा-ईस दीस झालं हुतं, पर पंचमी अजून व्हायाची हुती." हे ऐकून सोबत आलेले दुसरे गुरुजी मोठ्यानं हसले. नागपंचमी श्रावणाच्या पाचव्या दिवशी. श्रावणाचे वीस दिवस गेल्यावर ती व्हायची कशी राहील? बाईला काही आठवत नाही, लिहा १ जून आणि चला. ती बाई ओशाळून गप्प झाली. आत्यानं पिशवीतून १९८५चं पंचांग काढलं. त्या वर्षी श्रावण अधिक होता. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत अधिक श्रावण, मग निज श्रावण, आणि पंचमी निज श्रावणातली. बाईचं म्हणणं दिवसाच्या हिशेबानं बरोबर होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आभाळातला चंद्र तिनं मोजलेला होता. त्या मुलाची तारीख ५ ऑगस्ट १९८५ पडली. आत्यानं ते पंचांग त्या गुरुजींच्या हातात दिलं आणि त्यांनी वाचून होईपर्यंत ती काही बोलली नाही.

वरिष्ठांना हे सगळं वेळ घालवणं वाटायचं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं होतं, या तारखांना आधार काय? तिनं दाखल्याचे अर्ज पुढे ठेवले. प्रत्येकावर आई किंवा बापाचा अंगठा होता. नियमानं एवढाच आधार लागत होता, आणि १ जूनलाही याहून वेगळा आधार नव्हता. उलटाही त्रास होता. एक बाप हात जोडून म्हणाला, दोन वर्षं कमी लिहा बाई, पुढं नोकरीला बरं पडतं. त्या काळात हे सर्रास चालायचं. आत्या म्हणाली, "तुमच्या घरातनं मला पाऊस सांगितलाय, पेरणी सांगितलीय. त्यावर मी दुसरं कसं लिहू?" घरातनं म्हणजे बायकोनं. तो गृहस्थ पुढची दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही, पण धाकट्या मुलीला घेऊन तिच्याकडेच आला.

तिच्या या हट्टामागे काय होतं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. तिची स्वतःची १ जून तिला सलत असे. माझी आजी सात मुलांची आई. आत्यानं नोकरी लागल्यावर तिला एकदा बसवून विचारलं, मी कधी झाले? आजीला आठवलं ते एवढंच: गांधीबाबा गेल्याच्या पुढच्या साली, आणि बाळंतिणीच्या खोलीत हुरड्याचा वास येत होता. गाव शेतात आगटी पेटवून बसलं होतं आणि आजीला खायला मनाई होती. यापुढे काही केल्या जाता येईना. पौष असावा एवढंच. सुईण वारलेली, पाचवी-बारशाचं काही आठवेना. पाचव्या मुलीचं बारसं कोण लक्षात ठेवतो, असं आजीच म्हणाली. आत्यानं तिला पुन्हा विचारलं नाही. मात्र दर वर्षी पौषात ती शाळेतल्या पोरांना कुणाच्या तरी रानात नेऊन हुरडा खाऊ घालायची. कारण सांगायची नाही. पोरांना ती सहल वाटायची.

मला वाटतं, तिला तारखेपेक्षा त्या वाक्याची ओढ होती. कुणाला तरी आपण जन्मलो तो दिवस आठवतो, त्या दिवशी वारा कसा होता ते आठवतं, हे माणसाला हवं असतं. १ जून लिहिताना आईला काही विचारावंच लागत नाही. तिथं तिचा संबंध संपतो. आत्यानं तो संपू दिला नाही. त्या काळात सरकारी कागदावर आईचं नावसुद्धा सहसा येत नव्हतं. मुलाचं, बापाचं आणि आडनाव एवढंच. आत्याच्या वहीत मात्र प्रत्येक पान आईच्या नावानं सुरू होतं.

त्या वहीत आणखी एक गोष्ट होती. बायका आठवायला लागल्या की जगलेल्या मुलांबरोबर न जगलेलीही यायची. "ह्याच्या आदी एक हुता, त्यो गोवरात गेला, त्याच्या वर्सानं हा." "दोघी जुळ्या हुत्या, एक ऱ्हायली." तारीख काढायला तो हिशेब लागायचाच, कारण दोन मुलांमधलं अंतर त्यावर ठरायचं. जनरल रजिस्टरमध्ये अशा मुलांना रकाना नाही. आत्या वहीत त्यांच्यासाठी वेगळी ओळ सोडायची. नाव ठेवलं असेल तर नाव, नसेल तर "मुलगा" किंवा "मुलगी", आणि आई सांगेल तो महिना. मी एकदा विचारलं होतं, हे कशाला लिहितेस, ही मुलं शाळेत येणार नाहीत. ती म्हणाली, "तिनं सांगितलं ना." आणि पुढच्या घराकडे चालू लागली.

हळूहळू तिच्या कामाची गरज कमी झाली. अंगणवाड्या आल्या, त्यांच्या नोंदी मिळायला लागल्या. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. निवृत्तीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत तर पालक जन्माचा दाखला हातात घेऊनच येत. तिला याचा फार आनंद झाला होता. पंचांगाची पिशवी तिनं खुंटीवरून काढून कपाटात ठेवली. मुलींच्या हजेरीसाठी मात्र ती शेवटच्या दिवसापर्यंत घरोघर जात राहिली. १९९२पासून ठरावीक घटकांतल्या गरीब मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला, तेव्हा तो एक रुपया बुडू नये म्हणून खाडा झालेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी हाताला धरून आणणारी ती. धाकटं भावंड सांभाळायला घरी राहिली असशील, तर त्याला घेऊनच ये म्हणायची. तिच्या वर्गात कायम दोन-तीन शेंबडी पोरं मागच्या भिंतीशी पाटीशी खेळत बसलेली असत.

आत्या गेली त्याला आता वर्ष होईल. मृत्यूच्या नोंदीच्या अर्जावर वय लिहायचं होतं. तिच्या मुलानं १ जूनवरूनच मोजून लिहिलं, दुसरा इलाज नव्हता. दहाव्याला माणसं आली ती कुठून कुठून. आमच्या भागातली मुलं गलाईच्या धंद्यासाठी, सोनं-चांदी गाळायला, देशभर पांगलेली आहेत. तमिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत. त्यांतले जे येऊ शकले ते आले, बाकीच्यांचे फोन आले. काही पोलिसांत होते, एक नर्स होती, दोघी तिच्यासारख्याच शिक्षिका. बोलता बोलता एक जण म्हणाला, माझा वाढदिवस १७ फेब्रुवारी, आणि तो बाईंनी काढलेला. दुसरा म्हणाला, माझाही बाईंनीच काढलेला. त्या दिवशी अंगणात बसलेल्या लोकांनी एकमेकांना तारखा सांगितल्या. सगळ्या वेगवेगळ्या.

वह्या माझ्याकडे आल्या आहेत. पहिल्या वहीची पानं पिवळी पडून कडांना तुटायला लागली आहेत, शाई फिकी झाली आहे, म्हणून मी ती हातानं पुन्हा उतरवून काढते आहे. बायकांची भाषा आत्यानं लिहिली तशीच ठेवते. ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण आता फोन येतात. माझी आई काय म्हणाली होती, ते वाचून दाखवाल का? बहुतेकांच्या आया आता नाहीत.

परवा सेलमहून असाच फोन आला. गलाईचं दुकान आहे, साठीच्या आतबाहेरचे गृहस्थ. आईचं नाव सांगितलं, वाडी सांगितली. पान सापडलं. मी वाचून दाखवलं: "तळ्याच्या कामावर हुतो. दोपारच्याला पोटात दुकाया लागलं. मुकादमानं बैलगाडी दिली. घरी पोचलो तवा दिवं लागलं हुतं, आन हा झाला." खाली तारीख, दुहेरी रेघ. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, माझ्या आधी एक भाऊ होता म्हणतात, त्याचं काही लिहिलंय का? लिहिलेलं होतं. नावही होतं. ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं.

दिवाळीला गावी येणार आहेत, तेव्हा पान बघायला येतो म्हणाले. थोरल्या बहिणीलाही आणणार आहेत. ती बाईंच्याच वर्गात होती. तिचं पान अजून मला सापडलेलं नाही, दुसऱ्या वहीत असावं. आज संध्याकाळी ती काढते.